दोन नंबरच्या बोटीत एक कमी

“पेशंटनं व्हिडिओ बघितला का?” हेलिडेकवरच्या शेट्टीनं मला विचारलं.

मी स्ट्रेचरकडे बघितलं. स्ट्रेचरवर हसुराम नाखवा होता. गळ्यापर्यंत ब्लँकेट, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाइन आणि या सगळ्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. उजव्या पायात बूट होता. डाव्या पायात नुसता मोजा, आणि मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला.

“नाही बघितला,” मी म्हटलं.

“मग दाखव. व्हिडिओ बघितल्याशिवाय हेलिकॉप्टरमध्ये कुणी बसत नाही. सबनीससाहेबांचा नियम आहे.”

“शेट्टी, हा पेशंट आहे रे.”

“म्हणून काय पेशंटचं हेलिकॉप्टर पाण्यात पडत नाही?”

आम्ही स्ट्रेचर टीव्हीसमोर नेलं. टीव्हीवर एक हसरी मुलगी आली. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर खिडकी कशी ढकलायची, बाहेर पडल्यावरच जॅकेट कसं फुगवायचं, आणि मुख्य म्हणजे घाबरायचं कसं नाही, हे तिनं सांगितलं. हसुराम अजिबात घाबरला नाही.

“समजलं का, विचार त्याला,” शेट्टी म्हणाला.

“हसूदादा, समजलं का?”

शेट्टी वाट बघत राहिला.

“त्याची काही हरकत नाही,” मी म्हटलं. शेट्टीनं बरोबरची खूण केली आणि दार उघडलं.

हसुराम नाखवा मरून तेव्हा दोन तास झाले होते.

हे मी इतक्या वर्षांनी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा गंमत करतोय. मी गंमत करत नाही. माझा चेहराच तसा आहे. शाळेत बाई रागावल्या की मी हसतोय असं त्यांना वाटायचं, आणि लग्नात फोटोग्राफरला मी रागावलोय असं वाटलं.

मत्स्यगंधा हे आमच्या प्लॅटफॉर्मचं नाव. भर समुद्रात चार पायांवर उभं केलेलं लोखंडी टेबल, इतकंच समजा. टेबलावर यंत्रं, यंत्रांच्या वर आमच्या खोल्या, खोल्यांच्या वर हेलिकॉप्टर उतरायची जागा. खाली तेल, मध्ये पाणी. किनारा कुठूनही दिसत नाही. मी तिथं रेडिओ ऑपरेटर होतो. कोण आलं, कोण गेलं, कुठं काय चाललंय, हे सगळं माझ्या कानावरून जायचं. त्यामुळे पेडामकर हे माझं आडनाव कुणी वापरत नसे. मी ‘रेडिओ’.

हसुराम रिगर होता. अवजड सामान साखळदंडांनी बांधून क्रेनला लटकवायचं त्याचं काम. उरणजवळच्या करंजाचा. त्याच दिवशी सकाळच्या हेलिकॉप्टरनं तो रजा संपवून परत आला होता. आल्या आल्या रेडिओरूमच्या खिडकीत त्यानं एक डबा ठेवला.

“सुकटीची चटनी हाय. चांगुनानं दिलीय तुना. त्या डिमेलोला दाखवू नको, त्याच्या किचनची बेअब्रू होल.”

चांगुणा त्याची बायको. डिमेलो आमचा आचारी.

“दे आता माझं पत्त्याचं पान,” तो म्हणाला.

पत्त्याचं पान म्हणजे त्याचं कार्ड. प्लॅटफॉर्मवर पाऊल ठेवलं की प्रत्येकाला त्याच्या नावाचं एक कार्ड मिळतं. ते आपापल्या लाइफबोटीजवळच्या फळ्यावर अडकवायचं. भोंगा वाजला की सगळे बोटीकडे धावतात आणि ज्याचा तो स्वतःचं कार्ड उलटं करतो. ज्याचं कार्ड सुलटं राहिलं, तो माणूस सापडत नाहीये. किनाऱ्यावर परत जाताना कार्ड माझ्याकडे जमा करायचं, तेही स्वतःच्या हातानं. दुसऱ्याचं कार्ड दुसऱ्यानं काढायचं नाही. एकदा कुणीतरी चुकून भलत्याचं कार्ड काढलं होतं, आणि आगीचा भोंगा झाला तेव्हा तो भलता अंघोळ करत राहिला होता. तेव्हापासून आमच्या मॅनेजरनी, म्हणजे सबनीससाहेबांनी, हा नियम केला. या नियमाचा त्यांना भारी अभिमान.

हसुरामनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं.

“ह्ये हरवलं त काय?”

“मग तुम्ही इथं नाही.”

“आनि मीच हरवलो नि ह्ये राह्यलं त?”

“मग आम्ही तुम्हाला शोधत बसणार.”

“मंग बरंय,” तो म्हणाला. “कुनीतरी शोधंल.”

दोन नंबरच्या बोटीच्या फळ्यावर कार्ड अडकवून तो कामाला गेला.

आता खालच्या डेकचं सांगतो. आठवड्याभरात आमच्याकडे समारंभ होता. सगळ्यात सुरक्षित प्लॅटफॉर्मची ढाल यंदा मत्स्यगंधाला मिळणार होती आणि ती द्यायला सुरक्षा समितीच्या अध्यक्ष स्वतः येणार होत्या. म्हणून सबनीससाहेबांनी दिसेल त्याला रंग द्यायला काढला होता. खालच्या डेकवर एका कोपऱ्यात गंजलेला पत्रा कापून काढला होता. नवा पत्रा बोटीनं यायचा होता. तोवर त्या भोकावर प्लायवूड टाकलं होतं आणि भोवती लाल पट्टी बांधली होती. रंगारी वॉकीटॉकीवर आला ते मी स्वतः ऐकलं.

“साहेब, प्लायवूड आहे इथं. त्यालापण हिरवा देऊ?”

“द्या. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे.”

“आणि ही लाल पट्टी फोटोत येणार.”

“मग काढा की! तेही मीच सांगायचं का?”

हे झालं तेव्हा हसुराम करंजाला घरी होता. त्याला कुणी सांगितलं नाही. खांद्यावर साखळी घेऊन तो त्या हिरव्या डेकवरून चालत गेला आणि डेक संपला.

तो समुद्रात पडला नाही. खाली प्लॅटफॉर्मच्या पायांना जोडणारी एक आडवी नळी आहे, तिच्यावर पडला. वर काढून आणला तेव्हा मी तिथंच होतो, कारण डॉक्टरला बोलवायला मीच धावलो होतो. आमचे डॉक्टर म्हणजे दापोलीकडचे इर्शाद परकार, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठे. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. मग थांबले आणि मनगटानं घाम पुसला.

“नाडी आहे का?” सबनीससाहेबांनी विचारलं.

“नाही, सर. गेला.”

“नीट बघा.”

“सर, मान मोडलीय.”

“एक्स-रे काढल्याशिवाय कसं सांगता?”

“हातानं कळतं, सर.”

“हातानं!” सबनीससाहेब म्हणाले. “इथं एक्स-रे मशीन नाही. म्हणजे तुम्ही फक्त अंदाज करताय. डॉक्टर, मत्स्यगंधावर आजपर्यंत एकही माणूस मेलेला नाही. माणसं हॉस्पिटलमध्ये मरतात. हॉस्पिटलं त्यासाठीच असतात.”

परकार उठून उभे राहिले. “मी कशावरही सही करणार नाही. आजारी म्हणून पाठवताय, त्यावर तर नाहीच.”

“नका करू. मृत्यूच्या दाखल्यावर केलीत?”

“अजून नाही.”

“मग झालं तर. दाखला नाही म्हणजे तो जिवंत आहे.”

ऑक्सिजनचा मास्क सबनीससाहेबांनी स्वतः लावला. उलटा लावला. परकारनी तो काढला आणि सुलटा केला. का केला असं मी नंतर त्यांना विचारलं, तर म्हणाले, “उलटा बघवेना.”

“डॉक्टरला प्लॅटफॉर्म सोडता येत नाही,” सबनीससाहेब माझ्याकडे वळले. “रेडिओ, तू सोबत जा. रेडिओरूम तुझा जोडीदार बघेल. एरवी बडबडत असतोस ना? वाटेत बोलत राहा त्याच्याशी. पायलटला ऐकू गेलं पाहिजे. प्रेत आहे म्हटलं तर तो उचलणार नाही.”

“काय बोलू, सर?”

“काहीही बोल. धीर दे.”

“कुणाला, सर?”

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. माझ्या चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काही नव्हतं.

नाही म्हणता आलं असतं. पण मग त्यांनी त्याला एकट्याला पाठवलं असतं.

“पेशंट स्थिर आहे ना?” उडताना पायलटनं मागं वळून विचारलं.

“एकदम स्थिर,” मी ओरडून सांगितलं.

आणि बोलायला लागलो. हसूदादा, तुमच्या बायकोच्या हाताला काय चव आहे हो, असं म्हटलं. डिमेलोच्या सांबारात काल मला एक वॉशर सापडला, तो मी जपून ठेवलाय, असं म्हटलं. खाली बघा, तुमच्या गावच्या होड्या असतील, असं म्हटलं. एरवी हसुरामसमोर दुसऱ्याचं वाक्य पुरं होत नसे. तुमच्या वाक्याचं शेपूट पकडून तो स्वतःचं काहीतरी चालू करायचा. त्या दिवशी माझी सगळी वाक्यं पुरी होत होती. एकामागून एक, पार पूर्णविरामापर्यंत. मला राग उशिरा येतो. पाण्याचा रंग मातकट झाला, किनारा दिसायला लागला, तेव्हा तो आला. आल्यावर मात्र गेला नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं हसुरामकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आणण्यापूर्वीच मृत्यू असं लिहिलं. कंपनीचे किनाऱ्यावरचे अधिकारी बांदेकर तिथं हजर होते. त्यांना तेवढंच हवं होतं. वाटेत गेला. म्हणजे समुद्रावर नाही, किनाऱ्यावरही नाही, मधे कुठंतरी हवेत. हवेत कुणाचीच जबाबदारी नसते.

चांगुणा आली ती थेट मासळीच्या धक्क्यावरून. कोपरापर्यंत खवले चिकटलेले, पदर कमरेला खोचलेला. बरोबर धाकटा दीर होता, पण बोलत होती तीच. बांदेकरांनी आवाज खाली आणून सांगितलं, “छातीत कळ आली. आम्ही लगेच हेलिकॉप्टर दिलं. पण वाटेत गेले हो.”

तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं आधी नवऱ्याचे पाय बघितले. मग तोंड. मग माझ्याकडे वळली.

“तू रेडिओ का?”

“हो, वहिनी.”

“चटनी मिलाली?”

“मिळाली.”

“वाटंनं काय बोलला त्यो?”

बांदेकरांनी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “मीच बोलत होतो.”

“सगली वाट?”

“सगळी वाट.”

“त्यानं मदी एकदा पन तोंड घातला नाय?”

“नाही.”

हातावरचा एक खवला तिनं नखानं काढला. “त मंग त्यो तुझ्या हेलिकाप्टरात नव्हताच,” ती म्हणाली. मग बांदेकरांना: “दुसरा बूट कुठंय?”

“गडबडीत राहिला असेल, बाई.”

“छातीत कल आली त बूट कनी काढला?”

बांदेकर खिशातला रुमाल शोधायला लागले. मला राहवेना. “वहिनी, मी सांगतो काय झालं ते—”

“तू नको सांगू!” ती इतक्या जोरात बोलली की वॉर्डबॉय थांबला. “तू सांगशील नि उद्या तुना कामावरून काढतील. आनि ह्ये बोलतील, पोरगा खोटा हाय. माझा सासरा दर्यात गेला ना, तवा होडीचा तांडेल सोता घरी आला. उंबऱ्यावर उभा राह्यला. समदा गाव जमला व्हता. त्यानं मोठ्यानं सांगितला, अमक्या जागी गेला, माझी दोरी तुटली म्हनून गेला. सासूनं त्याला शिव्या घातल्या नि पानी दिला. तांडेलाचा काम हाय त्ये. ज्याच्या हाताखाली गेला, त्यानं सांगायचा. तुमचा तांडेल कोन?”

“सबनीस,” मी म्हटलं.

“त त्याला सांग. त्याच्या तोंडानं ऐकल्याबिगर मी माझा मानूस वाटंत गेला असा कुनाला बोलनार नाय.”

बांदेकर मला बाजूला घेऊन म्हणाले, “दुःखात आहे, बोलू दे. दोन दिवसांत विसरेल.”

दुसऱ्या दिवशी मी मत्स्यगंधावर परत गेलो. सबनीससाहेब किचनमध्ये होते. समारंभासाठी डिमेलोनं प्लॅटफॉर्मच्या आकाराचा केक करायला घेतला होता. चार पाय वेफर्सचे, वर हेलिडेक, आणि सगळ्या डेकना हिरवं आयसिंग. नमुना म्हणून एक लहान केक टेबलावर होता.

“साहेब,” डिमेलो पिशवीतलं आयसिंग दाबत म्हणाला, “वर ‘शून्य अपघात’ लिहायचं होतं. लिहू काय?”

“ठरलंय ना? मग विचारतोस काय?”

डिमेलोनं माझ्याकडे बघितलं. मी केककडे बघितलं. खालच्या डेकचं आयसिंग एका कोपऱ्यात खचलं होतं. डिमेलोनं सुरीनं ते सारखं केलं.

“सर,” मी म्हटलं, “नाखवाच्या कार्डचं काय करू?”

“कसलं कार्ड?”

“बोटीजवळचं. फळ्यावर आहे अजून. तो गेला म्हणून तुम्ही सांगितलंत तर काढता येईल.”

“तो इथून जिवंत गेलाय,” ते चटकन म्हणाले. “हे डोक्यात पक्कं ठेव. आणि कार्डाबिर्डाचं मला विचारू नकोस, नियमाप्रमाणे कर.”

“नियमाप्रमाणे करतो, सर.”

नियम सरळ होता. जिवंत माणूस जातो तेव्हा स्वतःच्या हातानं कार्ड जमा करतो. हसुरामनं जमा केलं नव्हतं. अर्थात तो गेला नव्हता. मी कार्डाला हात लावला नाही. समारंभात ड्रिल, म्हणजे भोंगा वाजवून बोटीकडे धावायचा सराव, होणार होती आणि दोन नंबरच्या बोटीचा प्रमुख डिमेलो होता. त्याला मी एवढंच म्हटलं, “ड्रिलच्या वेळी नीट मोज हां.” तो म्हणाला, “मी केव्हा वाकडं मोजलंय?” आणि भांडी घासत राहिला.

समारंभाच्या दिवशी ऊन कडक होतं. समितीच्या अध्यक्ष कुंटे मॅडम हेलिकॉप्टरमधून उतरल्या. ठेंगण्या बाई, डोक्यावर स्वतःचं जुनं, पोचे आलेलं हेल्मेट. बरोबर फोटोग्राफर. सबनीससाहेबांनी त्यांना सगळे रंगवलेले कठडे दाखवले, चहा दिला, चहाबरोबर कार्डाचा नियम सांगितला. जेवणाआधी ड्रिल, ड्रिलनंतर ढाल, ढालीनंतर केक, असा बेत होता.

भोंग्याची वेळ झाली तशी मी एक फोन लावला. आमच्या रेडिओरूममध्ये किनाऱ्याशी बोलायचा फोन असतो. सगळे त्यावरूनच घरी बोलतात, म्हणून नंबर मला पाठ होता. “काल सांगितलं तसं, ठेवू नका, कितीही वेळ लागला तरी,” एवढं बोलून मी रिसीव्हर माइकशेजारी टेबलावर उताणा ठेवला आणि भोंगा वाजवला.

ड्रिलच्या वेळी मॅनेजर रेडिओरूममधून सूत्रं हलवतो. सबनीससाहेब आले, मागून कुंटे मॅडम. जिन्यांवरून बूट धडधडत गेले. मग शांतता. मग एक नंबरची बोट: सगळे हजर. सबनीससाहेब मॅडमकडे बघून हसले.

स्पीकर खरखरला. “दोन नंबर बोट,” डिमेलोचा आवाज. “एक कमी.”

“पुन्हा मोजायला सांग,” सबनीससाहेब मला म्हणाले.

मी सांगितलं. थोड्या वेळानं: “दोन नंबर बोट. पुन्हा मोजले. एक कमी.”

“कोणाचं कार्ड सुलटं आहे?” कुंटे मॅडमनी माझ्या खांद्यावरून वाकून माइकमध्ये विचारलं.

“हसुराम नाखवा. रिगर.”

सबनीससाहेबांची मान सावकाश माझ्याकडे वळली. माझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“मॅडम, तो किनाऱ्यावर आहे. आजारी होता.”

“मग कार्ड इथं कसं?”

“राहिलं असेल चुकून.”

“पण तुमच्याकडे तर ज्याचं कार्ड तोच काढतो,” मॅडम म्हणाल्या. “आत्ता चहाच्या वेळी सांगितलंत. मला फार आवडला तो नियम.”

“रेडिओ, कुणालातरी सांग ते कार्ड काढायला.”

“ज्याचं आहे त्यालाच सांगावं लागेल, सर.”

“शोधपथक पाठवा ना,” कुंटे मॅडम म्हणाल्या. त्या अजून ड्रिलच बघत होत्या. मुद्दाम एक माणूस लपवला असेल असं त्यांना वाटत असावं. “बघू तरी किती वेळात सापडतो.”

शोधपथकात डॉक्टर परकार आणि हसुरामच्या टोळीतले दोन रिगर होते. त्यांनी खोल्या बघितल्या नाहीत, वर्कशॉप बघितलं नाही. ते जिन्यानं उतरले ते उतरतच गेले.

“थेट खालीच का निघालेत?” मॅडमनी विचारलं.

स्पीकरवर परकारांचा श्वास ऐकू आला. “शोधपथक. खालच्या डेकवर आहोत. माणूस नाही. बूट आहे.”

“कसला बूट?” मॅडमच बोलल्या.

“डाव्या पायाचा. कोपऱ्यातल्या नव्या पत्र्याखाली आडवी नळी आहे, तिच्या सांध्यात अडकलाय. मधल्या दिवसांत तो काढायला कुणाला खाली सोडलं नाही.”

कुंटे मॅडमच्या चेहऱ्यावरची ड्रिल संपली. त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. “सबनीस, हा माणूस कुठं आहे?”

“मॅडम, आपण ड्रिल इथंच थांबवू. जेवण गार होतंय.”

“थांबवा की. माणूस सापडला नाही तर तुमच्याकडे ड्रिल कशी थांबवतात?”

मीच सांगितलं. “मॅनेजरनी स्वतः सगळ्या स्पीकरवर तीन गोष्टी सांगायच्या. नाव, शेवटची जागा, आणि आहे की गेला. म्हणजे शोधणारे उगाच जीव धोक्यात घालत नाहीत. हाही साहेबांचाच नियम आहे, मॅडम.” आणि माइक सबनीससाहेबांपुढं सरकवला.

खिडकीतून दोन्ही बोटी दिसत होत्या. नारिंगी जॅकेटं घालून सगळे उन्हात उभे होते. ड्रिलमध्ये एरवी कुणी विडी मागतं, कुणी ढकलाढकली करतं. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही.

“तू हे मुद्दाम केलंस,” सबनीससाहेब माझ्याशी दात आवळून बोलले.

“तुम्हीच म्हणालात, सर, नियमाप्रमाणे कर.”

“तुझी नोकरी गेली, एवढं लक्षात ठेव.”

“हो, सर. ते स्पीकरवर सांगायचं नाही. फक्त तीन गोष्टी.”

स्पीकर पुन्हा खरखरला. “दोन नंबर बोट,” डिमेलो म्हणाला. “अजून एक कमी. केक वितळायला लागलाय. आम्ही थांबतो.”

सबनीससाहेबांनी कुंटे मॅडमकडे बघितलं. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या. साहेबांनी फोटोग्राफरकडे बघितलं. त्यानं कॅमेरा खाली घेतला होता. मग त्यांनी माइकचं बटण दाबलं.

“हसुराम नाखवा,” ते म्हणाले. त्यांचाच आवाज सगळ्या डेकवरून, जिन्यांतून, बोटींवरून आणि बाहेर पाण्यावर गेला आणि त्यांना परत ऐकू आला. ते दचकले. “खालचा डेक.”

आणि थांबले.

“आहे की गेला, सर?” मी विचारलं.

बटणावरचं बोट पांढरं पडलं होतं.

“गेला,” ते म्हणाले. “इथंच गेला. पत्रा कापला होता. वर प्लायवूड होतं. ते रंगवलं... ते मी रंगवायला सांगितलं. पट्टी पण मीच काढायला सांगितली.”

नियमापेक्षा हे जास्त होतं. पण मी अडवलं नाही.

बाहेर एका माणसानं हेल्मेट काढलं. मग बाकीच्यांनी. नियमाप्रमाणे ते डोक्यावर असायला हवं होतं. सबनीससाहेबांनी बटण सोडलं आणि खुर्ची ओढली. तेवढ्यात टेबलावरच्या रिसीव्हरमधून बारीक आवाज आला. मी तो कानाला लावला.

“बाला,” चांगुणा म्हणाली. तिच्यामागं बरीच माणसं असावीत. कुणीतरी पोरांना गप्प करत होतं. “आवाज लय बारीक आला रं. हतं समद्यांना ऐकाय नाय आला. पुन्यांदा बोलाय सांग त्याला.”

“सर,” मी म्हटलं, “संदेश नीट पोचला नाही. परत सांगावा लागेल.”

“कुणाला पोचला नाही?” ते ओरडले. “सगळ्या समुद्रानं ऐकलं की!”

“त्या उंबऱ्यात उभ्या आहेत, सर,” मी म्हटलं, आणि रिसीव्हर त्यांच्या तोंडासमोर धरला.

त्यांनी रिसीव्हरकडे बघितलं. खुर्ची मागं सारून ते उभे राहिले, घसा साफ केला, आणि नावापासून पुन्हा सुरुवात केली.